गिरणी टॉकीजमधली घागरवाली

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर रामनगरला जाऊन सुनयनाला विचारा. ती सगळं सांगेल…

पण आईसमोर सांगणार नाही.

बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत तिनं छोटंसं थिएटर काढलं होतं. चाळीस खुर्च्या, एक प्रोजेक्टर, दर गुरुवारी तीनचा खेळ. कधी कन्नड सिनेमा, कधी परदेशी, कधी लहान मुलांचा. हाणामारी नाही, नाचगाणी नाहीत. गावानं आधी भरपूर चेष्टा केली, मग गुपचूप येऊन बसू लागलं.

गेल्या श्रावणात, एका गुरुवारी, तिनं एक जुनी मूक फिल्म लावली. सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाची. धरणाच्या कामावरच्या कुणा साहेबानं काढलेली, त्याच्या नातवानं पेनड्राइव्हवर पाठवलेली. ते गाव म्हणजे सुनयनाच्या आईचं माहेर. म्हणून आई, रुक्मिणीबाई, पहिल्या रांगेत येऊन बसली होती.

पडद्यावर नदीचा घाट आला. घाटावर परकर नेसलेली सात-आठ वर्षांची मुलगी. पाठमोरी, कमरेवर घागर.

"बाय, ही मीच की गं," आई सुनयनाला म्हणाली.

पडद्याशी बोलायची सवय तिकडं सगळ्यांनाच. आईला रडू फुटलं. रडत रडतच तिनं हाक मारली, "रुक्मे, पाणी चढतंय बघ. चल घरला."

फिल्मला आवाज नव्हता…

तरी मुलीनं वळून बघितलं.

सुनयनानं ती फिल्म आधी दोनदा पाहिली होती. त्यात मुलगी वळतच नव्हती.

पुढच्या गुरुवारी बर्फाळ देशातल्या एका पोस्टमनची गोष्ट होती. पांढराशुभ्र रस्ता. आणि लांब, अगदी टोकाला…

कुणीतरी उभं होतं. कमरेवर घागर.

खेळ सुटल्यावर चहावाला म्हादू हसत म्हणाला, "सुनयनाक्का, त्या गोऱ्या लोकांत आपल्याकडची पोर कुठनं आली हो?"

सुनयनाला हसू आलं नाही.

त्याच संध्याकाळी शेजारची फुला दारातून हाका मारत होती. "रुक्मिणीवैनी… ओ रुक्मिणीवैनी."

आई समोरच तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"कुणाला हाका मारतीया ती?" तिनं सुनयनालाच विचारलं.

तिसऱ्या गुरुवारी वाळवंटातला सिनेमा होता. मुलगी विहिरीपाशी दिसली. आता निम्म्या अंतरावर.

चौथ्या गुरुवारी मुलांचा सिनेमा. शाळेचा वर्ग, आणि पहिल्याच बाकावर ती. परकरातून पाणी गळत होतं. तिचे डोळे पहिल्या रांगेवर होते. ओठ हलत होते.

आई दर खेळाला पहिल्या रांगेत यायची, पण त्या दिवशी तिची खुर्ची रिकामी होती. दिवे लागले तेव्हा खुर्चीखाली पाणी साचलेलं. गिरणीचं छप्पर कधीच गळत नव्हतं.

हे आईवर बेतणार, एवढंच सुनयनाला कळत होतं. पाचव्या गुरुवारी तिनं थिएटरला कुलूप लावलं, प्रोजेक्टरची वायर काढून घरी आणली आणि आईचा हात घट्ट धरून बसली.

"आज खेळ न्हाई?" आईनं विचारलं.

"न्हाई."

"मग ती कुठनं येणार?"

तीन वाजले.

मागच्या दाराशी घागर टेकल्याचा आवाज आला…

मग बारीक आवाजात हाक.

"रुक्मे…"

तीन आठवडे कुणाच्याही हाकेला ओ न दिलेली आई चटकन म्हणाली, "ओ."

तिनं हात सोडवून घेतला आणि मागच्या दारी गेली. सुनयनाला जागचं उठताच येईना.

थोड्या वेळानं आई परत आली. जमिनीवर तिची ओली पावलं उमटत होती.

पावलं लहान मुलीची होती.

आई घरातच आहे. जेवते, झोपते, हाक मारली की ओ देते. फक्त सुनयनाला ती आता 'बाय' म्हणत नाही.

'आये' म्हणते.

थिएटर पुन्हा सुरू झालंय. वेगवेगळे सिनेमे लागतात, पण घागरवाली कशातच दिसत नाही. तो पेनड्राइव्ह तांदळाच्या डब्यात तळाशी आहे. तो लावून बघायची सुनयनाची छाती होत नाही.

घाटावर आता कोण उभं असेल, ते तिला बघायचं नाही…