तिसरा मजला, डावीकडचं दार

मी तातडीच्या मदतीचे फोन घेते. आग, अपघात, छातीत कळ, पोरानं गिळलेलं बटण. दिवसभर कानावर हेडफोन आणि समोर स्क्रीन. फोन आला की स्क्रीनवर पत्ता उमटतो. बोलणाऱ्याची बोबडी वळलेली असली तरी गाडी निघते. इंटरनेटवर चालणाऱ्या घरच्या फोनचं मात्र तसं नाही. कंपनीकडे जो पत्ता नोंदवलेला असेल तोच आम्हाला दिसतो. बिऱ्हाड हलवलंत आणि पत्ता बदलायचा राहिला, की तुम्ही एका घरात आणि गाडी दुसऱ्याच घराच्या दारात. शिवाय वीज गेली की तो फोन म्हणजे नुसतं खेळणं.

त्या रविवारी सकाळी मी दाजींना हेच पुन्हा एकदा सांगत होते.

"पत्ता बदललात का?"

"उद्या नक्की." दाजी स्टुलावर चढून पडद्याची दांडी बसवत होते.

"तुमचा उद्या काही उजाडत नाही."

"मेहुणीबाई, सुट्टीच्या दिवशी तरी ड्यूटी सोडा!"

ताई खो खो हसली आणि लगेच पोट धरून बसली. तिला नववा लागला होता. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून चांगली लांब होती, तरी आईचं तोंड सकाळपासून चालूच होतं. "घरात पोटुशी बाई आणि यांना आत्ताच घर बदलायचं सुचलं!" असं म्हणत ती खोकी उघडत होती, आणि प्रत्येक खोक्यातून भलतंच काही निघत होतं. भांड्यांच्या खोक्यात दाजींचे बूट निघाले, तेव्हा ती स्वतःच हसत सुटली.

घर मात्र छान होतं. जुनी दगडी इमारत, तिसरा मजला, उंच खिडक्या, फरशीवर ऊन पसरलेलं. भिंती हातभर जाड, त्यामुळे मोबाईल आत मुका. बोलायचं तर खाली रस्त्यावर, बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत जावं लागे. म्हणून तर जुन्या घरचा फोन इकडे आणून लावलेला.

तो फोन दुपारी एकदा वाजला. ताईनं उचलला.

"कोण आहे?" आईनं विचारलं.

"कुणीतरी हसतंय नुसतं." ताईही हसायला लागली. "किती गोड हसतंय गं!"

मी जवळ जाऊन पाहिलं. फोनवर नंबर दिसत होता तो याच फोनचा. नवीन जोडणीत असे घोटाळे होतात, कंपनी लाइन तपासत असेल, असं मी म्हणाले आणि पानं घ्यायला लागले.

जेवायला बसलो आणि वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. राउटरचे हिरवे दिवे विझले. मी दाजींकडे बघितलं, दाजींनी कान पकडले. खोक्यांवर ताटं मांडून, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर आम्ही जेवलो. ताईनं दाजींच्या साहेबांची नक्कल केली. दाजींना ठसका लागला. इतकं हसलो की आईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

कुणीच घाई केली नाही. ताटं सुकली तरी गप्पा चालू होत्या.

मग ताई पाणी प्यायला म्हणून उठली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

"आई," ती म्हणाली. "आई गं!"

तिच्या पायाखालची फरशी ओली झाली होती.

कळा एकीवर एक यायला लागल्या. तिला चार पावलं टाकवेनात, जिना उतरणं तर दूरच. आईनं गादी ओढली. दाजींनी तिचा हात धरला. माझ्या हातानं सवयीनं फोन उचलला. कानात काहीच नाही. साधी खरखरसुद्धा नाही.

"मी खाली जाते. तुम्ही तिचा हात सोडू नका," मी दाजींना म्हणाले आणि चपला न घालता पळाले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कुणावर तरी आदळले.

पांढरा गणवेश. हातात पेटी. मागे स्ट्रेचर घेतलेले दोघं.

"मावशी ना तुम्ही?" नर्सबाईंनी विचारलं. "तिसरा मजला, डावीकडचं दार. बरोबर?"

मी मान हलवली. त्या मला ओलांडून वर गेल्या.

रुग्णालयात न्यायला वेळच मिळाला नाही. बाळ तिथेच झालं, उन्हाच्या पट्ट्यात. नर्सबाईंनी त्याला पुसून गुंडाळलं आणि म्हणाल्या, "मुलगी! आणि आवाज बघा केवढा!" शेजारच्या खोक्यावर दाजींनी स्वतःच लिहिलेलं होतं, 'काचसामान, सांभाळून'. ते वाचून दाजी आधी हसले, मग ढसाढसा रडले, मग पुन्हा हसले. आई नर्सबाईंच्या गळ्यात पडली. माझाही जीव भांड्यात पडला. फोन कुणी केला हे विचारायचं त्या आनंदात कुणाला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तर आमची बुलबुल वाटच बघत होती. बोलणं गोड म्हणून तिला सगळे बुलबुल म्हणतात.

"तुझी भाची किती शहाणी आहे गं! काल तिचा फोन मीच घेतला, स्क्रीनवर तुझ्या ताईचा जुना पत्ता होता. चार-पाच वर्षांची असेल ना?"

"भाची काल झाली," मी म्हणाले.

ती हसली. मग तिचं हसू मावळलं.

मी फोन कंपनीला विचारलं. तिकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमचा राउटर त्या वेळी बंद होता. बंद राउटरवरून फोन कसा जाईल?" आमच्या नोंदीत मात्र नंबर ताईच्याच घरचा होता. वेळ आमच्या जेवणाची. तेव्हा ताई साहेबांची नक्कल करत होती.

बुलबुलनं रेकॉर्डिंग लावलं.

"हॅलो, माझ्या आईसाठी गाडी पाठवा."

"काय होतंय आईला, बाळा?"

"अजून काही नाही. थोड्या वेळानं होईल."

"पुलापलीकडचं घर ना तुमचं?"

"ते जुनं. आता दगडी इमारत, बेकरीजवळची. तिसरा मजला, डावीकडचं दार. जिन्यात मावशी भेटेल."

"गाडी निघाली हं. नाव काय तुझं?"

"अजून ठेवलं नाही," ती म्हणाली आणि हसली.

तिथे फोन ठेवला गेला असं आम्हाला वाटलं. बुलबुलनं माझा हात घट्ट धरला होता. का कोण जाणे, मला भीती वाटली नाही. मला घरी जाऊन त्या पोरीला कडेवर घ्यावंसं वाटलं, आणि संध्याकाळी मी तेच केलं.

आता ती रांगते, पडदे ओढते, सगळ्यांना कामाला लावते. ताई दमून म्हणते, "एक पुरे गं बाई, पुन्हा नाव काढायचं नाही." दाजीही कानाला हात लावतात. मी नुसती हसते.

ते रेकॉर्डिंग मी मागच्या आठवड्यात परत ऐकलं. एकटीनं, हेडफोन लावून, शेवटपर्यंत. हसणं थांबतं, पण फोन लगेच ठेवला जात नाही. लांबून, आणखी लहान आवाजात, कुणीतरी विचारतं,

"आणि मी?"

"तू नंतर," पहिली समजूत घालत म्हणते.