साडूच्या नजरेचं कलम

भांबर्डे पठारावरच्या अंतराळ केंद्रात दृष्टिविज्ञानाची एक प्रयोगशाळा आहे. तिच्या काचा इतक्या लख्ख, की एकदा एक साळुंकी त्यांत स्वतःलाच पाहून आठवडाभर भांडत बसली होती. चोच मारायची, पिसं फुलवायची, पुन्हा चोच मारायची. सगळं केंद्र तिला हसलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. हृषीकेश आगटे. पण साळुंकी राहू द्या बाजूला.

त्या दिवशी आगटे हसत नव्हते. उपाहारगृहाच्या फलकावर कुणीतरी एक फोटो लावला होता आणि निम्मे शास्त्रज्ञ त्याच्यासमोर चहा गार करत उभे होते. फोटो कशाचा? आंघोळीच्या मगाचा! निळा प्लास्टिकचा मग, कड जराशी चिरलेली, बादलीवर उपडा घातलेला, आणि त्यावर सकाळचं तिरपं ऊन. बस्स. पण असा काही दिसत होता, की बघणाऱ्याला वाटावं, आपण आजवर नुसतं अंगावर पाणी घेतलं, आंघोळ केलीच नाही.

फोटो काढणारे तुषार वाळिंबे. यानाला उष्णतेपासून वाचवणारं आवरण बनवायचं हा त्यांचा धंदा, आणि फोटो हा नुसता नाद. कॅमेरा म्हणजे कोपरा फुटलेला जुना मोबाइल. ओला रस्ता, कपड्यांचे चिमटे, पठारावरची एकटी बाभूळ, काहीही दिसलं की हे थांबणार. आणि खरं दुखणं पुढंच आहे. हे वाळिंबे आगट्यांचे सख्खे साडू.

आता शत्रू परवडला, साडू नको. शत्रूशी अबोला तरी धरता येतो. साडूशेजारी पाटाला पाट लावून जेवावं लागतं आणि सासूबाई कुणाच्या पोळीवर तूप जास्त सोडतात ते डोळ्यांनी बघावं लागतं. साडूनं साडूला तोंडावर शाबासकी दिल्याचा दाखला कुठल्या पोथीत नाही. चारचौघांत चेष्टा करायची, पाठीमागं उणं काढायचं, ही रीत. दोघांनीही ती इमानानं पाळली होती.

आगट्यांकडे तीन कॅमेरे होते आणि तोफेसारखं एक भिंग. पहाटेच्या उजेडासाठी ते पठारावर पोटावर पडून राहत. त्यांच्या फोटोत गवताचं एकेक पातं जागच्या जागी असे. दरवर्षी त्यांचं कॅलेंडर छापून ते नातलगांना वाटत. साडूच्या घरीही जेवणाच्या टेबलासमोर एक टांगलेलं होतं. पण दिवाळीला गेले तर तिथं मार्चचं पान! तेही कुठल्या तरी जुन्या वर्षाचं.

"पान उलटायचेसुद्धा कष्ट नाहीत तुझ्या भावोजींना," घरी येऊन ते बायकोला म्हणाले.

"अहो, राहिलं असेल," केतकी म्हणाली. "त्यांनी झाऱ्याचा फोटो काढलाय तो बघितलात? भोकांतून दिवा असा आलाय, वाटतं चांदणंच पडलंय."

त्या रात्री आगटे जेवले नाहीत.

त्यातच केंद्राचं 'पांथस्थ' हे यान सूर्यमालेबाहेर कायमचं निघणार होतं. त्यावर एका धातूच्या पत्र्यावर पृथ्वीवरचं एकच छायाचित्र कोरून पाठवायचं ठरलं. एकच! केंद्रातल्या कुणीही कुणाचंही चित्र सुचवावं. काढणाऱ्याचं नाव फक्त संचालिका ताम्हाणेबाईंना ठाऊक असेल. माणसं संपतील, पठार झिजेल, तरी ते चित्र चालत राहील. तिथं साडूचा मग जाणार या विचारानं आगट्यांच्या छातीत जणू कुणी मिरची भाजत होतं.

"मला एक सांगा मुजावरबाई," ते प्रयोगशाळेत म्हणाले. डॉ. नसीम मुजावर मेंदूतज्ज्ञ, प्रयोगांतल्या त्यांच्या जोडीदार. "मगावर पडणारा प्रकाश तोच. माझा डोळा तसाच, त्याचाही तसाच. मग त्यालाच जास्त काय दिसतं?"

"डोळा बघत नाही साहेब, उड्या मारतो." मुजावरबाईंनी हात लांब करून अंगठा धरला. "आपल्याला स्वच्छ दिसतं ते एवढ्या नखापुरतं. बाकी सगळं धूसर. डोळा सेकंदाला तीनचार उड्या मारतो आणि मेंदू ते तुकडे शिवून गोधडी करतो. म्हणतो, घे, हे जग. उडी कुठं मारायची, कुठं थांबायचं, कुठं जीव रमवायचा, याची ज्याची त्याची वाट मळलेली असते. एका मगावरही तुमच्या नजरेची वाट वेगळी, वाळिंब्यांची वेगळी."

"आणि ती वाट आपण नोंदवतो."

"नोंदवतो, आणि दुसऱ्याला लावतो. त्यासाठीच तर हा उद्योग."

उद्योग असा होता. मुरलेल्या यानचालकाची नजर नवख्याला द्यायची. नजरलेखक चष्मा महिनाभर घातला, की डोळ्याची प्रत्येक उडी, प्रत्येक मुक्काम आणि त्या वेळची नाडी टिपली जाई. हा झाला नजरपट. मग तो दुसऱ्या चष्म्यात भरायचा. त्याच्या काठावर न जाणवेल अशी लुकलुक होई, डोळा तिकडं वळे, आणि तेवढ्यात कानशिलाला इतकी हलकी थरथर बसे, की मूळ माणसाची नाडी जिथं उसळली तिथं ह्याचीही उसळावी. महिन्याभरात नवी वाट मळे. बाई त्याला नजरकलम म्हणत.

"पहिला प्रयोग माझ्यावर करू," आगटे म्हणाले. "नजर वाळिंब्याची."

बाई हळूच म्हणाल्या, "कलम अख्खं येतं बरं का. आंबा हापूस आणि कोय रायवळ, असं होत नाही. ज्यानं त्यांचा जीव सुखावतो ते येईल, आणि ज्यानं जळतो तेही."

"त्याचा कशानं जळणार! त्या माणसाला खराटासुद्धा सुंदर दिसतो."

"आणखी एक. ओळखही त्याच वाटेवर बसलेली असते. वाट बदलली की ओळखीचं चित्र नवं वाटतं. म्हणून तुमचे जुने फोटो गुंडाळून ठेवा, दृष्टीस पडू देऊ नका. आणि आधी तुमची स्वतःची नजर नोंदवून ठेवू. परत यायचं झालं तर वाट असावी."

वाळिंबे हसत तयार झाले. "घ्या की साडूभाऊ! नजरच मागताय, किडनी थोडीच मागताय. जेवतानाही घालू का चष्मा?"

"जेवताना तर घालाच घाला," आगटे घाईनं म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढं झारा होता.

महिना गेला. आणखी एक महिना आगट्यांनी तो दुसरा चष्मा घातला. सुरुवातीला फजिती झाली. स्वतःच्या मोटारीपुढून दोनदा निघून गेले, तिसऱ्यांदा शेजाऱ्याच्या मोटारीला किल्ली लावली. आणि मग एका सकाळी, खोटं सांगत नाही, चहा गाळणाऱ्या केतकीकडं बघताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आज असं काय बघताय?" ती लाजली.

ते गाळणी बघत होते. जाळीतून वाफ येत होती आणि जाळी तिला सोडता सोडत नव्हती. शहाणा माणूस, बोलले नाहीत.

त्यानंतर जग उघडलंच. दाराची कडी, वाळत टाकलेला पंचा, चिखलात उमटलेलं टायर, सगळं हाका मारू लागलं. पूर्वी ज्या पठारावर ते सूर्योदयाची वाट बघत पडत, तिथं आता त्यांना फाटका बूट दिसे आणि बूट सोडून डोंगराकडं मान वळत नसे. एक दिवस मोरीत भांडी घासायचा नारळाचा काथ्या पडला होता. ओला, पिंजारलेला, एका बाजूला फेसाचा एकच बुडबुडा. आगट्यांनी गुडघे टेकले आणि फोटो काढला. स्वतःच तो सुचवला.

अंतिम निवडीला दोन चित्रं उरली. ताम्हाणेबाईंनी आगट्यांना बोलावलं.

"पत्र्यावर कोणतं नीट उतरेल, एवढं तुम्ही सांगायचं, आगटे. तुमचा शब्द शेवटचा."

खरं तर त्यांनी म्हणायला हवं होतं, बाई, यातलं एक माझंच आहे, मला यात घेऊ नका. नाही म्हणाले. पडद्यावर पहिलं चित्र आलं. काथ्या. त्यांचा जीव निवला.

मग दुसरं आलं.

पठार. पहाट. धुक्याच्या वर डोंगराची धार, तळ्यात तिचीच उलटी धार, आणि पुढं गवताचं एकेक पातं, जणू कुणी मोजून लावलेलं. आगट्यांच्या छातीत अशी आग उठली, की टेबलाची कड धरावी लागली. मगाचा फोटो पाहिला तेव्हासुद्धा इतकं जळलं नव्हतं. हे आपल्याला जन्मात जमायचं नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आणि हेही कळलं, की हे साडूचंच! दुसरा कोण आपल्याला इतका जाळू शकेल? मग-चिमटे सोडून आता पहाडावर चढला तर! आपल्या अंगणात!

"हे नाही चालणार," ते म्हणाले.

"का? सुंदर आहे."

"सुंदर असेल. पण गवत फार बारीक आहे. कोरताना पाती एकमेकांत मिसळतील, पत्र्यावर नुसता खरवडा दिसेल. आणि हे प्रतिबिंब! वर कुठलं, खाली कुठलं, परक्याला कळायचं नाही." पातं जरा जाड कोरलं असतं तर सहज उतरलं असतं. ते त्यांच्याइतकं पठारावर कुणालाच ठाऊक नव्हतं.

"नक्की? नंतर हळहळ नको."

"नक्की. पुसून टाका."

बाईंनी खांदे उडवले.

संध्याकाळी उपाहारगृहात सगळे जमले. ताम्हाणेबाई म्हणाल्या, "पांथस्थवर जाणार आहे काथ्या. काढणारे, डॉ. आगटे!"

टाळ्या पडल्या. आगट्यांनी गर्दीत साडूचा चेहरा शोधला. उतरला होता. खरोखर उतरला होता! आजवर खाल्लेल्या सगळ्या पुरणपोळ्या आज अंगी लागल्यासारखं त्यांना वाटलं.

"गंमत म्हणजे," बाई पुढं म्हणाल्या, "दुसरं चित्रही त्यांचंच होतं. म्हणून तर मी निवाडा बिनघोर त्यांच्यावर सोपवला. स्वतःच्या चित्राला इतक्या निष्ठुरपणे बाद करणारा माणूस मी पाहिला नाही."

आगट्यांना वाटलं, बाईंची काहीतरी गल्लत होते आहे. तेवढ्यात वाळिंबे पुढं आले.

"का हो मारलंत त्याला, साडूभाऊ?" त्यांनी हातातला कागद पुढं धरला. "मी सुचवलं होतं ते. भिंतीवरून काढून दिलं. बघा, वर खिळ्याचं भोक अजून आहे."

"कुठल्या भिंतीवरून?"

"आमच्या टेबलासमोरच्या. मार्चचं पान! तुम्हीच नाही का दिलंत? तुमच्या मेहुणीनं कितीदा उलटलं, मी पुन्हा पुन्हा मार्च लावतो. कित्येक वर्षं आमच्याकडं मार्चच चालू आहे." आणि मग वाळिंबे साडूनं साडूला कधी बोलू नये ते बोलून गेले. "समोर बसून जेवताना घास अडकायचा हो. वाटायचं, हा माणूस असं बघतो तरी कसं? मी आपला मग नि झारे करत बसलो, कारण डोंगराला हात लावायची माझी छातीच झाली नाही."

मुजावरबाई कोपऱ्यात चहा पीत होत्या. आगटे काथ्यासारखा पिंजारलेला चेहरा घेऊन त्यांच्यापाशी गेले.

"महिनाभर दोन वेळचं जेवण," बाई म्हणाल्या. "समोर मार्च, आणि डोळ्यांवर चष्मा. त्या पानावर त्यांची नाडी कशी उसळायची ते नजरपटात स्पष्ट होतं. पण समोर काय आहे, ते चष्मा सांगत नाही. मला वाटलं, तिखट भाजी असेल."

"म्हणजे मला जाळलं ते माझ्याच..."

"तुमच्याच चित्रानं. त्यांच्या मत्सराच्या वाटेनं चालत जाऊन."

"काढा हे कलम! माझी नजर मला परत द्या."

"देते की. नोंदवून ठेवलीच आहे. पण विचार करा. ही ठेवलीत तर मार्चचं पान जाळेल. जुनी घेतलीत तर काथ्या जाळेल. वाळिंब्यांसारखं चित्र दिसलं की तुमच्या जुन्या नजरेला काय होतं, ते मी मगाचा फोटो लागला तेव्हा पाहिलंय. दोन्ही चित्रं तुमचीच. कोणतं सोसेल, तेवढं बोला."

आगट्यांनी हिशेब केला. मार्चचं पान पृथ्वीवर राहणार. काथ्या यानात बसून निघालाय, रोज लाखो मैल लांब जाणार, परत यायचा नाही. जळायचंच तर जे दूर चाललंय त्याच्यावर जळावं. त्यांनी जुनी नजर घेतली. डोंगर पुन्हा डोंगर झाला, गाळणी गाळणी झाली. चहा गाळताना कुणी बघत नाही म्हणून केतकी दोन दिवस फुगून बसली, तेवढं सोडलं तर सगळं ठीक झालं.

पांथस्थ उडालं. आगट्यांनी त्याला हात हलवून निरोप दिला आणि हलक्या मनानं घरी आले.

जेवणाच्या टेबलासमोर, नेमक्या त्यांच्या खुर्चीपुढं, भिंतीवर सागवानी चौकटीत एक मोठं थोरलं चित्र लागलं होतं. ओला काथ्या, आणि त्यावर फेसाचा एकच बुडबुडा.

"भावोजींनी स्वतः चौकट करून आणलीय," केतकी कौतुकानं म्हणाली. "म्हणाले, साडूभाऊंच्या पराक्रमाची आठवण. आता प्रेमानं दिलेलं काढून कसं ठेवायचं? बसा, गरम आहे तोवर जेवून घ्या."

आगटे बसले. वर बघायचं नाही असं ठरवून त्यांनी पहिला घास घेतला, आणि वर बघितलं.

केंद्रातल्या काचेशी अजूनही अधूनमधून एखादी साळुंकी भांडायला येते. लोक जमतात, हसतात. आगटे तेवढे पुढं होतात आणि कागद लावून ती काच झाकतात.