अर्धवट काढलेली तनया

कुणाला पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या मामेबहिणीच्या, नम्रताच्या बाबतीत. नावं खरी ठेवायची नाहीत एवढीच तिची अट होती, ती मी पाळलीय.

गेल्या वर्षीचा पितृपक्ष. शनिवार. वाघोलीतलं एक छोटं ऑफिस.

नम्रता मूळची यवतमाळची. त्या ऑफिसात लिनक्सवर चालणारी मशिनं सांभाळायची. आधी ते काम दत्तप्रसाद सर करायचे. आषाढात ते हार्ट अटॅकनं गेले, त्याच खुर्चीत. मग ती खुर्ची नम्रताला मिळाली.

तिचं काम मी तिच्याकडूनच समजून घेतलं होतं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. जे सॉफ्टवेअर हवं त्याचं नाव घ्यायचं. मग पॅकेज मॅनेजर नावाचं एक टूल दूरच्या साठ्यातून ते आणून बसवतं. त्याला आणखी काही लागत असेल तर तेही आणतं. नवीन आवृत्ती आली की जुनी बदलतं.

आणि एखादं काढायला सांगितलं, तर त्याच्या आधारावर जे जे उभं असेल, तेही सगळं काढतं.

पण आधी विचारतं. हो की नाही?

सर 'हो' दाबण्याआधी बोटातल्या अंगठीनं टेबलावर दोनदा टकटक करायचे. सवय होती त्यांची.

ते गेल्यावरही ती टकटक नम्रताला ऐकू यायची...

तिनं मनावर घेतलं नाही. पण मग मशीनच्या नोंदीत दिसलं, की रोज कुणीतरी अपडेट टाकतंय. सरांच्या नावानं. ते खातं तर तिनं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं.

सरांना एक हौस होती. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमना ते घरातली नावं द्यायचे. मूळ प्रोग्रॅम 'दत्त'. त्याच्या आधारावर चालणारे दोन. एक 'श्यामला', बायकोच्या नावाचा. दुसरा 'तनया', मुलीच्या. ऑफिसात सगळे हसायचे.

त्या शनिवारी दुपारी मॅनेजर आमोदनं तिला 'दत्त' काढून टाकायला सांगितलं. नवीन सिस्टिम आली होती, जुनं नको होतं. सरांची आठवण म्हणून तरी राहू द्या, असं ती म्हणाली.

"मॅडम, पितृपक्ष घरी पाळायचा असतो. इथं पगार मिळतो," आमोद म्हणाला आणि आपल्या केबिनमध्ये गेला.

तिनं हुकूम टाइप केला.

पडद्यावर उत्तर आलं. 'दत्त'सोबत हेही निघेल... श्यामला... तनया.

हो की नाही?

रोजचाच प्रश्न होता. तरी तिनं ती तीन नावं पुन्हा वाचली. खोलीत सरांच्या बामचा वास येत होता.

तिनं 'नाही' दाबलं आणि खुर्ची मागे सरकवली.

टक... टक.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते. तरी पडद्यावर तोच प्रश्न पुन्हा आला. आणि त्याच्यापुढे उत्तर उमटलं.

हो.

दत्त काढत आहे... झालं.

श्यामला काढत आहे...

ही ओळ थांबून राहिली. आणि तिचा फोन वाजला. तनयाचा होता. तनया, सरांची एकुलती एक मुलगी, कॉलेजात शिकणारी. सर गेल्यापासून नम्रता त्यांच्या घरी जाऊन-येऊन होती.

"ताई, आई भाजी निवडत होती... आणि एकदम... ती हलत नाहीये ताई..."

श्यामला... झालं.

तनया काढत आहे...

"ताई, दारात कोण... बा..."

शब्द तिथेच तुटला.

नम्रतानं टेबलाखाली झेप घेतली आणि मशीनची वायर उपटली.

श्यामलाकाकू त्या दुपारीच गेल्या. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला.

तनया वाचली. म्हणजे श्वास चालू आहे. भरवलं की गिळते. डोळे उघडे असतात. बोलायला लागली की वाक्याच्या मध्यावर थांबते, मग तासन् तास काही नाही. सगळ्या तपासण्या झाल्या. कशातच काही सापडलं नाही. नारायण पेठेत तिची आत्या तिला सांभाळते.

सोमवारी नम्रतानं ते मशीन पुन्हा सुरू केलं. दुसरं काही होवो न होवो, 'तनया' परत बसवायचीच, असं तिनं ठरवलं होतं.

तनया बसवण्यासाठी दत्त हवा.

दत्त उपलब्ध नाही.

तिनं सगळीकडे शोधलं. प्रत कुठेच नव्हती. दुसरं काहीही करायला गेली, की मशीन एकच सांगायचं. आधीचं काम अर्धवट आहे. आधी ते पूर्ण करा.

आमोदचं म्हणणं, मग करा पूर्ण. तिनं घडलेलं सगळं त्याला सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "अहो, मग सुट्टी घ्या." आणि स्वतः कीबोर्डकडे वळला. तिनं त्याचा हात धरला. त्याच दिवशी तिची नोकरी गेली. भंगारात निघालेलं ते मशीन मात्र तिनं मागून घेतलं.

ते आता सदाशिव पेठेत तिच्या खोलीत आहे. प्लग काढूनच ठेवते, असं ती सांगते. तरी तिन्हीसांजेला कधीकधी त्याच्या आतला पंखा फिरल्याचा आवाज येतो...

ती रोज तनयाला भेटायला जाते. केस विंचरते. बोलत बसते.

दिवाळीनंतर एकदा तनयानं तिचा हात घट्ट धरला. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलली.

"ताई, मला ना धड इकडे राहता येतंय, ना बाबांकडे जाता येतंय."

मग म्हणाली, "तू का थांबवलंस?"

आत्या शेजारीच होती. तिनं दोन्ही वाक्यं ऐकली. त्यानंतर तनया एक शब्दही बोललेली नाही.

गेल्या आठवड्यात मी नम्रताकडे गेलो होतो. तिनं चहा केला. मग तिनं विचारलं, तिला वाचवलं की अडकवलं रे मी?

मी चहा संपवून उठलो. निघताना माझी नजर कोपऱ्यातल्या मशीनकडे गेली. त्याच्यावरची धूळ पुसलेली होती.

प्लग लावलेला होता.

तो कुणी लावला, हे मी विचारलं नाही.