सोमवार-गुरुवारची गाडी

"झाकणाला हात लावू नका!"

रस्त्यापलीकडून कुणीतरी ओरडलं आणि रुद्राणीचा हात रेडिएटरवर तसाच थबकला. अक्कलकोट रोडवर, एमआयडीसीच्या अलीकडं, तिची जुनी गाडी वाफ ओकत उभी होती. मागच्या सीटवर अप्पा, तिचे वडील गुरुबसप्पा, डोळे मिटून पडले होते. नऊला सोलापुरात त्यांचं डायलिसिस. साडेआठ होऊन गेले होते.

पळत आला तो नंदीश, समोरच्या गॅरेजचा मालक.

"उकळतं पाणी तोंडावर आलं असतं की! शाळेत शिकवता काय?"

"कसं ओळखलंत?"

"चूक तुमची, अन् डोळे माझ्यावर वटारताय…"

त्याही अवस्थेत तिला हसू आलं. नंदीशनं दोघांना आपल्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं. संध्याकाळी त्यानं सांगितलं, रेडिएटरचा पंखाच फिरत नव्हता.

पंधरा दिवसांनी इंजिनाच्या तापमानाचा काटा पुन्हा लालवर. या खेपेला त्यानं इंजिनाचे दोन्ही पाइप हातानं चाचपले.

"वरचा चटका देतोय, खालचा गार हाय. मधला थर्मोस्टॅट उघडत न्हाय. गरम पाणी आतल्या आत कोंडतंय."

"कोंडलं की असंच व्हायचं," ती पुटपुटली. त्यानं मान वर केली… आणि तिनंच नजर वळवली.

तिसऱ्या वेळी मात्र त्यानं आधी इंजिन गार होऊ दिलं. मग रेडिएटरचं झाकण काढून त्यानं गाडी सुरू करायला लावली. पाण्यात बुडबुडे येत होते. तेलाची पट्टी ओढली, तर तेल दुधाळ चहासारखं.

"हेड गॅस्केट गेलंय, पाणी तेलात मिसळतंय. इंजिन उतरवावं लागंल. तोवर ही चालवायची न्हाय."

"आणि अप्पा?"

"सोमवार-गुरुवार मी हाय की."

तो खरंच आला. दर सोमवारी, दर गुरुवारी, वळसंगला त्यांच्या दारात. अप्पा पुढं बसून त्याच्याशी कानडीत गप्पा मारायचे. मागं बसलेली रुद्राणी आरशात पाहायची आणि आरशातले डोळे कधीकधी तिच्याकडं असायचे. तिची गाडी महिन्याभरात दुरुस्त झाली. पण "न्या" असं तो म्हणाला नाही, "द्या" असं तीही म्हणाली नाही.

पौषात अप्पा गेले. एका बुधवारी, झोपेतच.

दिवसकार्य आटोपल्यावर बंगळूरचा भाऊ गुरुराज म्हणाला, "एकटी हितं काय करणार? चल माझ्याकडं." ती हो म्हणाली. नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. अन् आभाळ भरून आलेल्या एका सकाळी ती गाडी न्यायला गॅरेजवर गेली.

बंगळूरला जातेय, असं तिनं सांगितलं, तशी नंदीशनं किल्ली दिली. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "जाऊ नका."

"आत्ता सांगताय?"

"अप्पांनी मला विचारलं होतं… दिवाळीत. माझ्या रुद्राणीशी लग्न करशील का, म्हणून."

"तुम्ही काय म्हणालात?"

"त्यांना म्हटलं, आत्ता न्हाय. दर सोमवार-गुरुवार मी तुमच्या दारात गाडी घेऊन उभा. अशा वेळी विचारलं असतं, तर उपकाराखातर हो म्हणाला असता तुमी. मला तसलं हो नको होतं."

"म्हणजे अप्पा नकारच घेऊन गेले?" तिचा आवाज चिरकला. "दोन महिने ते मला सारखं विचारायचे, माझ्यामागं तुझं कसं व्हायचं गं? त्यांना एवढं एकच ऐकायचं होतं ओ…"

नंदीशचा चेहरा पांढराफटक पडला. "हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय," तो कसाबसा म्हणाला. "चुकलं माझं. लई चुकलं."

त्याचे डोळे भरलेले तिनं पहिल्यांदाच पाहिले. राग होता, पुष्कळ होता. पण या माणसाला सोडून आपल्याला कुठंही जायचं नाही, हेही तिला त्याच क्षणी लख्ख कळलं.

"चला," ती म्हणाली.

दोघं तिच्या गाडीतून वळसंगला आले. शेताच्या कडेला, लिंगायत रिवाजाप्रमाणं अप्पांना पुरलं होतं, तिथली माती अजून खचायची होती. रुद्राणी गुडघ्यांवर बसली, मातीवर हात ठेवला आणि रडत रडत कानडीत बोलू लागली. नंदीश चपला काढून बांधावरच उभा राहिला, मान खाली घालून.

बऱ्याच वेळानं तिनं मागं वळून पाहिलं.

"तिकडं का उभे? या इकडं," ती म्हणाली. "मी हो म्हणून सांगितलंय त्यांना. आता तुमच्या तोंडून ऐकू दे."