गार गाडीतली ऊब

श्रीपतीला आलेलं एक पत्र पंधरा वर्षं बिनउत्तराचं पडून होतं.

प्रश्न एका ओळीचा होता. उत्तरही एका ओळीत मावलं असतं. पण त्याच्यानं ते लिहवलं नाही.

पुढं आहे ते घडलं तसंच आहे. कुणी हसलं तर हसू द्यावं. आपल्याला भास झाला असेल, असं श्रीपतीनं स्वतःलाही पुष्कळदा बजावून पाहिलं. पण दिवस त्याला पक्का आठवतो. १९७३ चा मे महिना, गुरुवार. दुपारचे साडेबारा. बेंबळीहून उस्मानाबादला जाणारा रस्ता, दुष्काळी कामावरच्या खडीच्या ढिगांपाशी...

श्रीपती तेव्हा एका सहकारी सूतगिरणीच्या कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार पाही. भिडस्त माणूस. पुस्तकात डोकं घालून बसणारा. गिरणीचे चेअरमन हिंमतराव यांनी मुंबईला कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातून एक लांबलचक परदेशी मोटार आणली. स्टिअरिंग डाव्या हाताला. आत गारवा करणारं यंत्र.

"श्रीपती, गाडीला अक्कल हाय म्हणं," हिंमतराव म्हणाले. "आपल्या डायरेक्टरांपेक्षा जास्त. तिचं पुस्तक वाच अन् रेवणसिद्धला समजावून सांग."

रेवणसिद्ध हा त्यांचा ड्रायव्हर.

श्रीपती चार दिवस डिक्शनरी घेऊन बसला. मग त्यानं रेवणसिद्धला गाडीत बसवून सांगितलं, "ही गारव्याची चकती पंच्याहत्तर फॅरनहाइटवर ठेवायची. पुढं हात लावायचा नाही. हे बारीक भोक दिसतंय ना? यातून यंत्र आतली हवा ओढून घेतं. आत किती गरम, बाहेर किती गरम, ते ताडतं आणि पंखा किती फिरवायचा ते स्वतःच ठरवतं. गाडीत माणसं वाढली की त्यांच्या अंगाची ऊब वाढते. मग पंखाही वाढतो."

"म्हंजी माणसं मोजतंय की हे, भाऊसाहेब!"

"माणसं नाही. ऊब."

"एकच की ते. मढ्याला कोण पंखा घालतंय?"

दोघंही हसले.

श्रीपतीनं एका पुठ्ठ्यावर मराठीत दहा सूचना लिहून दिल्या. रेवणसिद्धनं तो पुठ्ठा चकतीच्या वर डकवला. नऊ सूचना पुस्तकातल्या होत्या.

दहावी श्रीपतीच्या पदरची होती. काचा बंद असल्या तर गारवा लवकर होतो, इतकंच पुस्तकात होतं. पण यंत्र बिघडलं तर बोल आपल्यावर येईल, या धास्तीनं त्यानं लिहिलं... 'यंत्र चालू असताना दार किंवा काच कोणासाठीही उघडू नये.'

एप्रिलच्या शेवटी रेवणसिद्ध चेअरमनांना आणायला एकटाच उस्मानाबादला निघाला होता. चेअरमन बसतील तेव्हा गाडी गार पाहिजे, म्हणून यंत्र चालू. खडीच्या ढिगांपाशी बायका आडव्या आल्या. जाईबाई नावाच्या बाईला ऊन लागलं होतं. दोघींनी तिला धरून गाडीपाशी आणलं.

त्यानं गाडी थांबवली.

काच बंद होती. बाहेरचा आवाज आत येईना. नुसती तोंडं हलताना दिसत होती. जाईबाईनं मागच्या दाराच्या काचेवर हात टेकला होता.

त्यानं पुठ्ठ्याकडं पाहिलं. कोणासाठीही उघडू नये...

गाडी पुढं गेली. नंतरची एस. टी. दोन तासांनी आली. जाईबाई तोवर खडीवरच गेली होती.

तीन आठवड्यांनी, त्या गुरुवारी, गिरणीच्या कामासाठी श्रीपती त्याच रस्त्यानं निघाला. गाडीत दोघंच. तो पुढं, रेवणसिद्धच्या शेजारी. मागची सीट रिकामी. पंखा मंद चालला होता.

ढीग दिसू लागले.

रेवणसिद्धनं गाडी उभी केली. खाली उतरला. त्यानं मागचं दार उघडलं.

"या माय. बसा."

तिथं कुणीच नव्हतं.

त्यानं दार हलकेच लावलं. परत येऊन बसला.

आणि पंखा वाढला...

हळूहळू नाही. एकदम. गाडीत सात-आठ माणसं कोंबून बसवावीत तसा.

"रेवणसिद्ध, हे काय?"

"मागं बघू नका, भाऊसाहेब."

श्रीपतीनं पाहिलं. सीट रिकामीच होती. फक्त मागच्या काचेवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर, वाफेचा एक ठिपका होता. तो विरला. पुन्हा उमटला. पुन्हा विरला...

बाहेर रखरखाट. हवेत पाण्याचा थेंब नाही.

त्यानं हात मागं नेला. सीट गार होती. दाराजवळची तेवढीच जागा तापानं फणफणल्यासारखी. त्यानं हात ओढून घेतला.

सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी रेवणसिद्धनं पुन्हा मागचं दार उघडलं. "आला बघा दवाखाना, माय."

पंखा मंदावला.

"रोज आणतोय," तो म्हणाला. "अन् रोज ती खडीपाशीच उभी ऱ्हाती."

हिंमतरावांच्या कानावर गेलं. "माझ्या गाडीची ॲम्ब्युलन्स केलीस व्हय रं?" ते ओरडले. रेवणसिद्धनं चावी टेबलावर ठेवली आणि मुरूमकडच्या आपल्या गावी निघून गेला.

त्या दिवाळीत त्याचं पत्र आलं.

'भाऊसाहेब, गाडी सुटली पण ती सुटली न्हाय. दुपारी मानेला गरम श्वास लागतो. पुस्तकात लिवलं व्हतं म्हणून दार उघडलं न्हाय, असं मी तिला सांगतो. ती ऐकत न्हाय. दहावी ओळ खरंच पुस्तकात व्हती का? एवढंच कळवा.'

श्रीपतीनं कितीदा तरी कागद घेतला आणि ठेवून दिला. नोकरीची भीती नव्हती. लाज होती, पण तीही गिळता आली असती. भीती वेगळीच होती. उत्तर गेलं, की तिला खरा पत्ता कळेल...

परवा रेवणसिद्धच्या गावचा ईरण्णा भेटला. श्रीपतीनं चाचरतच त्याचं विचारलं.

"त्याचं काय सांगावं, भाऊसाहेब! घराची कवाडं काढून टाकल्यात त्यानं. थंडीवाऱ्यातबी दार उघडंच. भर दुपारी उंबऱ्यात बसतो अन् 'या माय, बसा' म्हणतो. बायको कवाच माहेरी गेली."

श्रीपतीनं घरी येऊन एका दमात लिहिलं. 'ती ओळ पुस्तकात नव्हती. मी घातली होती. तिला माझं नाव सांग. खाली पत्ता दिला आहे.'

पाकीट चिकटवून तो निघाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

"अहो, दार तरी लोटा!" आतून त्याची बायको पुतळाबाई ओरडली. "सगळी झळ घरात येतीया."

"राहू दे उघडं."

"कोण यायचंय एवढ्या उन्हाचं?"

तो पायरी उतरला. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पाकीट अर्धं सरकवून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मागं वळून घराकडं बघायचा धीर होईना.

मग त्यानं बोटं सोडली.