तू हो पुढं, मी आलोच

ही घटना खरी आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. आधी मीही हसलो होतो.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. तीर्थपुरीहून खाली गेलं की लागणारा गोदावरीचा काठ. सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन.

माझ्या कल्याणमामांचे जिवलग मित्र धर्मराज, त्यांचा त्या दिवशी दहावा होता.

धर्मराज म्हणजे मोठा लळा लावणारा माणूस. गावात कुणाचं दुखलं-खुपलं की जालन्याच्या दवाखान्यात आधी तेच पोहोचायचे. बायकोला, दैवशालाबाईंना, चाळीस वर्षांत कधी अगं-तुगं केलं नाही. पुतण्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं.

आणि रोज संध्याकाळी साडेपाचला त्यांची मोटारसायकल मामांच्या फाटकाशी यायची. दोन छोटे हॉर्न, एक लांब. स्टँडवरच्या हॉटेलात दोघांचा चहा ठरलेला.

मामा कधीच वेळेवर तयार नसायचे. आतूनच ओरडायचे, "तू हो पुढं, मी आलोच." धर्मराज हसत पुढे जायचे आणि मामा दहा मिनिटांत पोहोचायचे. चाळीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

शेवटच्या दिवशीही मामा तेच म्हणाले होते.

ते पोहोचले तेव्हा टेबलावर दोन चहा होते. भोवती गर्दी होती. धर्मराज गेले होते.

"मी सोबत असतो तर..." एवढंच मामा दहा दिवस म्हणत राहिले.

घाटावर पिंड मांडले. सगळे लांब जाऊन हात जोडून उभे राहिले.

बाभळीवर कावळे होते... पण एकही खाली येईना.

अर्धा तास झाला. मुलगा अंगद पुढे झाला. आईला काही कमी पडू देणार नाही, म्हणाला. कावळे हलले नाहीत. पुतण्यांनी एकत्र राहायचा शब्द दिला. दैवशालाबाईंनी पदर पसरला.

काहीच नाही.

दीड तासानंतर गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. मामांना ते बघवेना. आयुष्यभर कुणाला ताटकळत न ठेवणारा त्यांचा मित्र असा अडकून पडला होता. ते पिंडाजवळ गेले, डोळे पुसले, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं बोलून गेले.

"धर्मा, तू हो पुढं. मी आलोच."

त्यांचं वाक्य संपलं...

आणि कावळा शिवला.

बायका रडायला लागल्या. लोकांनी मामांचे हात धरले. मित्र असावा तर असा, असं जो तो म्हणत होता.

आपण काय बोललो, हे मामांना जेवायला बसल्यावर कळलं. घास हातातच राहिला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मामांकडे होतो. त्यांच्या मुलीचं, तृप्तीचं लग्न मार्चमध्ये धरलेलं, त्याच्या पत्रिका आणल्या होत्या. बेबीनंदामामी चहा घेऊन आली. साडेपाच वाजले असतील.

दोन छोटे हॉर्न... एक लांब.

मामा चपला घालून फाटकापर्यंत गेलेसुद्धा. मग थबकले.

रस्त्यावर कुणी नव्हतं.

हॉर्न मीही ऐकला होता. पण म्हटलं, गावात काय एकच मोटारसायकल आहे का? खात्री करायला अंगदकडे गेलो. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. दोन्ही चाकांत हवा नव्हती. टाकीवर, हँडलवर धुळीचा थर.

फक्त मागची सीट... स्वच्छ पुसलेली.

चहा झाल्यावर परतताना मामा मागे बसायच्या आधी धर्मराज ती रोज उपरण्यानं पुसायचे. अंगदनं तर गाडीला हातही लावला नव्हता.

मी हे मामांना सांगितलं नाही. पण हॉर्न रोज यायला लागला. मामी टीव्हीचा आवाज वाढवायची, तृप्ती वडिलांचा हात धरून बसायची. मामा वाळत चालले होते. मरणाची भीती मला नाही, असं ते म्हणायचे. फक्त पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या होत्या.

एका सकाळी त्यांनी मला पुन्हा काठावर न्यायला लावलं. सोबत भाताचा गोळा होता. त्याच जागी ठेवला.

"धर्मा, माझ्या तोंडून निघून गेलं रे," मामा हात जोडून म्हणाले. "तृप्तीचं लगीन हाय. तेवढं होईस्तोवर थांब. मंग बोलव, मी न्हाई म्हणणार न्हाई."

बाभळीवर कावळे होते. आमच्याकडेच बघत होते.

आम्ही दुपारपर्यंत उभे होतो. भात वाळला... एकही खाली आला नाही.

परत येताना मामा गाडीत एवढंच म्हणाले, "त्याचं बराबर हाय. मीच शब्द दिल्ता."

लग्नाला अकरा दिवस उरले असताना, संध्याकाळी, मामी आत कणीक मळत होती. तिला हॉर्न ऐकू आला. पाठोपाठ मामांचा आवाज आला.

त्या दिवशी ते "तू हो पुढं" म्हणाले नाहीत.

"थांब, आलो," म्हणाले.

मामी बाहेर आली तेव्हा ते फाटकाशी पडलेले होते. पायात चपला होत्या. ओट्यावरच्या चहाची वाफ अजून निघत होती.

मामांचा दहावाही त्याच काठावर झाला. आम्ही मनाशी वाक्यं जुळवून गेलो होतो. मी तृप्तीचं कन्यादान करीन म्हणणार होतो. मामांचा जीव लेकीत अडकला असणार, कावळा सहज शिवणार नाही, हे सगळे धरूनच चालले होते.

गुरुजींनी पिंड ठेवले. आम्ही अजून मागे सरतच होतो...

आणि कावळा शिवला.

कुणाला एक शब्द बोलायची संधी मिळाली नाही. सुटले बिचारे, असं लोक म्हणाले. तृप्ती मात्र रिकाम्या बाभळीकडे बघत उभी होती. तिनं मला विचारलं.

"दादा, पप्पाला आमच्यासाठी थोडंबी थांबावं वाटलं न्हाई का?"

तिचं लग्न पुढच्या वर्षी झालं, पण तिच्या तोंडून मी पुन्हा कधी वडिलांचं नाव ऐकलं नाही.

कुठे निघताना कुणी घाई केली तर मी आता तसाच उठतो, चहा अर्धा टाकून. तू हो पुढं, असं मी कुणालाच म्हणत नाही.