भांडायला आलेला पाहुणा

सुतकाचा चौथा दिवस. आमच्या घराचं दार सताड उघडं होतं. येरुशलेममध्ये आम्हा ज्यूंच्या ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराने दार लावायचं नसतं. कुणीही न ठोठावता आत यावं. आरशावर चादर होती. मी बुटक्या स्टुलावर, पायांत कापडी चपला घालून बसले होते.

तो आत आला. काखोटीला कागदांचं भेंडोळं, बुटांवर दक्षिणेकडची पिवळी धूळ. समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकला... आणि गप्प बसून राहिला.

आमच्यात पाहुण्याने आधी बोलायचं नसतं. दुःखातलं माणूस तोंड उघडेपर्यंत थांबायचं. पण सकाळपासून मी बोलून बोलून दमले होते – अब्बा कसे गेले, शेवटी काय म्हणाले. म्हणून जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा त्याचा चहा निवून गेला होता आणि हा तिथेच, कान लालबुंद.

"तुम्ही काही बोलणार आहात का?" मी विचारलं.

"तुमचीच तर वाट बघतोय!" त्याने सुस्कारा सोडला. "आणखी थोडा वेळ गेला असता तर मी मुकाच झालो असतो."

"आपण कोण?"

"एल्काना बेन-हारोश. बेएर-शेवाहून आलोय. मी... म्हणजे खरं तर... भांडायला आलो होतो."

नाव माझ्या ओळखीचं होतं. अब्बांनी उभा जन्म इब्री धर्मग्रंथांच्या अभ्यासात घालवला, आणि गेल्या वर्षभर जेवताना या माणसाचा उद्धार झाला नाही असा दिवस नव्हता. "कालचं पोर! माझ्या चुका काढतंय!" असं म्हणत ते खुशीत हात चोळायचे.

"आजची वेळ सरांनीच दिली होती," तो म्हणाला. "फाटकावर काळ्या चौकटीतला कागद वाचला. परत फिरणार होतो, पण दार उघडं दिसलं..."

"मग भांडा. मी त्यांची मुलगी, तिर्त्सा. ऐकते."

वाद एका वहाणेचा होता. आमच्या धर्मग्रंथातल्या एका तरुण विधवेच्या कथेत गावच्या वेशीत, वडीलधाऱ्यांसमोर, एक माणूस जमिनीवरचा हक्क सोडतो आणि दुसरा घेतो. व्यवहार पक्का करायला वहाण काढून दिली जाते. पण कुणाची? अब्बांचं म्हणणं, हक्क सोडणाऱ्याची – जमिनीवरून त्याचा पाय उठला, म्हणून. पुरावा म्हणून त्यांनी कुठल्या कुठल्या मातीच्या पाट्या वाचल्या होत्या.

"त्या पाट्या नदीपलीकडच्या लोकांच्या," एल्काना म्हणाला. "तेही कित्येक शतकं आधीच्या! त्यांचा आमच्या वेशीशी काय संबंध? माझ्या मते वहाण घेणाऱ्याने दिली. काही घ्यायचं तर आधी काही द्यावं लागतं."

"परगावचा साक्षीदार म्हणजे खोटाच, असं तुमच्या बेएर-शेवात शिकवतात वाटतं?"

"आमच्याकडे साक्षीदाराला आधी त्याचं गाव विचारायला शिकवतात."

मी हसले. खुदकन, न ठरवता. तेवढ्यात मसूदा आत्या उकडलेल्या अंड्यांचं ताट घेऊन दारात उभी.

"तिर्त्सा! सुतकात पोथी?"

आम्ही दोघंही चपापलो. शोक करणाऱ्याला या दिवसांत धर्मग्रंथांचा अभ्यास वर्ज्य असतो. त्याने मन आनंदतं म्हणून. दोघांनाही हे पाठ, आणि दोघंही विसरलो होतो.

"आणि काय रे, तू सांत्वनाला आलायस की शास्त्रार्थाला?"

"चूक झाली, आत्या." तो उठलाच.

"झालीच. पण पोरगी आज पहिल्यांदा माणसात आली." आत्याने ताट त्याच्यापुढे केलं. "अंडं खा नि नीघ. सुतक फिटलं की ये."

तो आला. मग येतच राहिला.

आमच्यात पोथी एकट्याने वाचत नाहीत. समोर आडवं येणारं कुणीतरी लागतं. लहानपणापासून माझ्यासमोर अब्बा होते. त्यांच्या पुस्तकाचं शेवटचं, वहाणेवरचं प्रकरण अर्धवट राहिलं होतं आणि प्रकाशकाला ते उन्हाळ्याआधी हवं होतं. एकटीने ते उघडायचं माझ्याच्याने झालं नसतं. एल्काना पिशवीभर लोकाटची पिवळी, रसाळ फळं आणायचा. आम्ही खात खात वाद घालायचो, आणि पान उलटण्याआधी तो बोटं रुमालाला इतकी जपून पुसायचा की मी वाचायचं सोडून तेच बघत बसायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

एके दिवशी तो मोकळ्या हातांनी आला.

"सरांच्या मताविरुद्ध लिहिलेला माझा लेख मागे घेतोय," खिडकीबाहेर बघत म्हणाला. "सर आता उत्तर देऊ शकत नाहीत. आणि तुला दुखवणारं काही... नाही लिहायचं मला."

मला ते आवडलं. आणि लगेच रागही आला.

"म्हणजे अब्बांना दयेने जिंकवणार तू? त्यांनी तुला भांडायला बोलावलं होतं, एल्काना! बेएर-शेवापासून इथवर! गप्प बसायचं असेल तर या टेबलाशी येऊ नकोस."

तो खिडकीपासून वळला. "न येणं... नाही जमणार मला."

"मग भांड. त्यांच्या बाजूने मी आहे."

आम्ही भांडलो. वसंत सरेपर्यंत. त्याने माझ्या दोन पुराव्यांची चाळण केली, मी त्याच्या एकाची. वहाणेचा निकाल काही लागला नाही. शेवटी अब्बांचं मत वर आणि एल्कानाचा आक्षेप, त्याच्या नावासकट, त्याच पानावर खाली असं ठरलं. आमच्या जुन्या पोथ्यांत हरलेल्याचंही मत खोडत नाहीत. अब्बा मला एकटीला टाकून गेले असं मी समजत होते. ते तर माझ्यासाठी आपला विरोधक ठेवून गेले होते. त्या दुपारी शेवटचं पान वाचताना त्यांचे किती आभार मानले, मलाच ठाऊक.

ग्रंथ संपला की आमच्यात त्याचा निरोप घेत नाहीत. त्याला सांगतात – आम्ही तुझ्याकडे परत येऊ, तूही आमच्याकडे ये. आमचं मन तुझ्यापाशी आहे.

एल्काना उभा राहिला. कागदांवर हात ठेवून हळूहळू म्हणू लागला... पण बघत होता माझ्याकडे.

"ग्रंथ खाली आहे," मी म्हणाले.

"दिसतोय."

"मग?"

"मग काय... त्याला नाही सांगत मी."

बाहेर जाईचा वास सुटला होता.

"काम संपलं, तिर्त्सा. आता कुठल्या निमित्ताने येऊ?"

"येऊ नकोस," मी त्याचा हात धरला. "राहा."